थोरले दुकान, धाकटे दुकान

गेल्या दिवाळीत घरची सारी मंडळी देवगावास जमली असता आमच्या नातीने आम्हास एक साधा प्रश्न विचारला आणि आमची मोठीच पंचाईत झाली. ती पुण्यास महाविद्यालयात शिकते. तेथे प्राध्यापिकाबाईंनी संत स्त्रियांविषयी बोलताना बहिणाबाईंचे जन्मस्थान वेरुळाजवळचे देवगाव असे सांगितले, तेव्हा ही उत्साहाने उठून म्हणाली की, ते आमचेच गाव. "मग तू त्यांचा गाथा वाचला असशीलच!" असे बाईंनी साहजिकपणे विचारले. नात निरुत्तर झाली, आणि घरी येताच तिने तो प्रश्न जसाच्या तसा आमच्यापुढे ठेवला, "आजोबा, आपल्या घरी बहिणाबाईंचा गाथा आहे ना?"

आहे, असे आम्ही ठामपणे म्हणालो. आमच्या वडिलांनी घेतलेली प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत होती, हे आम्हास पक्के ठाऊक होते. धाकट्या बंधूंनी शिडी लावून ट्रंक खाली आणली, भावजयीने ती फडक्याने पुसली, आणि झाकण उघडताच सर्वांच्या समक्ष आमची फजिती झाली. वाळवीने गाथ्याची निम्मी पाने पार चाळणी करून टाकली होती. चाळीस वर्षे मुलांना 'ग्रंथ हेच गुरू' म्हणून निबंध लिहावयास लावणाऱ्या मास्तराच्या घरी ग्रंथाची ही दशा! नातीने एक अक्षरही उच्चारले नाही, आणि तेच अधिक लागले.

ज्या वाचकांस आमचे गाव ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातील गाव. रंगाऱ्यांच्या वस्तीवरून गावास हे उपपद लागले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. येथून वेरूळची लेणी व घृष्णेश्वर जवळ, आगगाडी धरावयाची तर लासूर स्टेशनास जावयाचे. या गावी कुलकर्णीपण सांभाळणाऱ्या आऊजी व जानकी या दांपत्याच्या पोटी १६२८ साली बहिणाबाईंचा जन्म झाला. अगदी बालवयात शिऊरच्या पाठकांकडे, वयाने पुष्कळच मोठ्या अशा बिजवरास त्यांना दिले. पुढे कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास गेले. तेथे कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि त्यांचे चित्त देहूकडे लागले. ब्राह्मणाच्या स्त्रीने तुकोबांस गुरू मानावे हे वैदिक वृत्तीच्या पतीस सोसले नाही, त्याने मारहाण केली. वेदाक्षराचा अधिकार आपणास नाही, तर आपण परमार्थ साधावा तरी कसा, ही तळमळ त्यांनी स्वतःच्या अभंगांत स्वतःच मांडून ठेवली आहे. मराठीत स्त्रीने आपले चरित्र आपल्या तोंडाने सांगितल्याचे याहून जुने उदाहरण आम्हास आठवत नाही. १७०० साली शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन पाद्र्याने १९२९ साली त्यांचे अभंग इंग्रजीत नेले. म्हणजे समुद्रापलीकडच्या मनुष्याने वाचलेला ग्रंथ ज्या गावी कर्ती जन्मली त्या गावच्या मास्तराच्या घरी धड नाही, असा हा प्रकार होता.

मार्गशीर्षात काही निमित्ताने पुण्यास जाणे झाले. गाथा विकत घ्यावयाचाच, असा संकल्प करून नातीस बरोबर घेतले. ती प्रथम आम्हास एका भव्य दुकानात घेऊन गेली. दुकानाचे नाव सांगत नाही. ज्याच्या शाखा गावोगावी आहेत आणि ज्याच्या सर्व शाखा एकमेकींच्या जुळ्या बहिणी शोभतील, अशांपैकी ते एक होते एवढे पुरे. थंडगार हवा, लखलखीत दिवे, मंद वाद्यसंगीत. एका अंगास कॉफीचे उपाहारगृह, दुसऱ्या अंगास खेळणी, पेने, वह्या, पिशव्या व पाणी पिण्याच्या बाटल्या. पुस्तकेही होती, पुष्कळ होती. मराठीची कपाटे मात्र अगदी मागल्या भिंतीशी, शौचालयाच्या वाटेवर. तेथील तरुण विक्रेता अतिशय विनयशील होता. आम्ही "बहिणाबाईंचा गाथा" म्हणताच त्याने संगणकावर बोटे चालविली व क्षणार्धात एक देखणे पुस्तक आणून आमच्या हाती दिले. बहिणाबाई चौधरी यांची कविता!

आता खानदेशच्या बहिणाबाईंविषयी आमच्या मनात आदरच आहे. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने जात्यावर आणि शेताच्या बांधावर जे रचले ते आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकविले आहे. परंतु दोघींमध्ये अडीचशे वर्षांचे अंतर. आम्ही तसे सांगितले. त्या मुलाने पुन्हा संगणकात पाहिले आणि खरोखरीच्या खेदाने म्हणाला, "सर, सिस्टिमला बहिणाबाई एकच आहेत."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. त्या मुलाचा दोष नाही. त्यास कालपरवा खेळण्यांच्या विभागातून येथे आणले असेल, उद्या बाटल्यांच्या विभागात धाडतील. जे संगणकात नाही ते जगात नाही, असेच त्यास शिकविलेले.

मग आम्ही आमच्या जुन्या वाटेने गेलो. आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून आमच्या पिढीतील किती शिक्षकांच्या चपला झिजल्या असतील याची गणती नाही. शाळा उघडण्याच्या दिवसांत तेथे यात्रा भरते, पण एरवी आडव्या बोळांतून थोडी शांतता असते. तेथे एक अरुंद दुकान आहे. पोथ्या, स्तोत्रे, संतवाङ्मय, संस्कृत व्याकरण, पंचांगे, एवढाच त्याचा संसार. दुकानात तिसरे गिऱ्हाईक आले तर पहिल्याने बाहेर यावे, अशी जागा. मालक सत्तरीचे असावेत. आम्ही तोच शब्द उच्चारला. त्यांनी चष्म्यावरून पाहिले व विचारले,

"शिऊरच्या की आसोद्याच्या?"

वाचकहो, या तीन शब्दांपुढे त्या भव्य दुकानाचे सारे दिवे आम्हास फिके वाटले. ते उठले, शिडीही न लावता वरच्या फळीवरून गाथा काढला, धूळ झटकली, आणि न मागता शेजारी आणखी दोन पुस्तके ठेवली. एक तुकोबांचा गाथा. दुसरे वज्रसूचीसंबंधीचे लहानसे पुस्तक. जन्माने ब्राह्मण ठरत नाही असे प्रतिपादणारे हे संस्कृत प्रकरण, आणि बहिणाबाईंनी त्याचा मराठीत अनुवाद केल्याचे सांगतात. "हे वाचल्याशिवाय ते नीट उमगायचे नाही," एवढेच म्हणाले. घ्या असा आग्रह नाही.

विशिष्ट विषयास वाहिलेल्या दुकानाचे मर्म आमच्या मते यातच आहे. तेथे केवळ ग्रंथ ठेवलेले नसतात, ग्रंथांचे परस्परांशी असलेले नातेही विक्रेत्याच्या डोक्यात वसत असते. अमरकोश मागितला की तो विचारतो, क्षीरस्वामींच्या टीकेसह हवा की भानुजी दीक्षितांच्या? आणि मागणारा गांगरला, तर त्यावरूनच तो ओळखतो की, या मुलास मूळ पाठांतरापुरते पुस्तक पुरे आहे. हे ज्ञान कोणत्याही सूचीत उतरत नाही. ते पन्नास वर्षे एकाच फळीसमोर बसल्याने येते.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. स्वतःच्या अक्षरांचे ठसे स्वतः पाडून त्यांनी संस्कृत ग्रंथ असे शुद्ध छापले की, 'निर्णयसागरची प्रत' हा शब्दच शुद्धतेचे प्रमाणपत्र होऊन बसला. त्यांच्या काव्यमालेने कित्येक दुर्मिळ काव्ये प्रकाशात आणली. पुण्यास महादेव चिमणाजी आपटे या वकिलांनी आनंदाश्रम स्थापून हस्तलिखिते जमविली व ग्रंथमाला चालविली. पुढे त्यांचे पुतणे, कादंबरीकार हरि नारायण आपटे, तेथील व्यवस्था पाहात. भांडारकर प्राच्यविद्या मंदिर १९१७ साली निघाले, १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ साली पुरे झाले. अशा ग्रंथास गिऱ्हाईक किती? वर्षातून दोन, कधी एक. तथापि त्या एकाकरिता ग्रंथ फळीवर थांबला पाहिजे. विद्येची ही वाट पाहण्याची रीत लहान दुकानानेच आजवर सांभाळली.

मोठ्या दुकानास हे का जमत नाही, याचा आम्ही रागलोभ बाजूस ठेवून विचार केला. जागेचे भाडे फुटावर मोजले जाते. ज्या वीतभर जागेत गाथा दोन वर्षे पडून राहील तेथे परीक्षेची मार्गदर्शिका महिन्यात वीसदा विकली जाईल. पुस्तके बहुधा परतीच्या बोलीवर घेतलेली असतात, खपली नाहीत की गठ्ठे बांधून प्रकाशकाकडे रवाना. खरेदीचा निर्णय एखाद्या दूरच्या मुख्य कचेरीत होतो, तेथील मनुष्यास देवगाव ठाऊक असण्याचे कारण नाही. उलट लहान दुकानदाराची जागा वडिलार्जित किंवा जुन्या भाड्याची, माल रोखीने घेतलेला, म्हणजे परत पाठविण्याची सोय नाही. त्यामुळे पुस्तक पडून राहिले तरी त्यास ते सोडत नाही आणि तोही त्यास सोडत नाही. यास व्यवहारचातुर्य म्हणावे की हट्ट, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही गोष्ट संस्कृतापुरती नाही. न्यूयॉर्क शहरात केवळ हेरकथांचे व रहस्यकथांचे दुकान १९७९ पासून चालू आहे, लंडनमध्ये त्याच धर्तीचे एक १९८८ साली निघाले व २००९ साली बंद पडले. आमच्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंझार व काळा पहाड यांनी दोन पिढ्यांची झोप उडविली, पण त्यांस असे स्वतंत्र दुकान लाभले नाही. नाममात्र भाड्याने पुस्तके देणारी गल्लीतील वाचनालये हेच त्यांचे घर. (आमच्या वडिलांनी आम्हास झुंझार वाचताना दोनदा पकडले. दुसऱ्या खेपेस ते पुस्तक जप्त करून त्यांनी स्वतः रात्री पुरे केले, हे आईने पुढे सांगितले.)

आणि ज्यास पुस्तकांची भूक पाहावयाची असेल त्याने ६ डिसेंबरास दादरच्या चैत्यभूमीवर, विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर, अथवा आमच्या जिल्ह्यातच १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जावे. एकाच विचाराच्या पुस्तकांचे मांड, ताडपत्रीखाली मांडलेले, आणि अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी दूरच्या खेड्यांतून आलेली माणसे भाकरीच्या पिशवीत ग्रंथ घालून परत जाताना दिसतात. आमच्यासारख्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या ग्रंथ असून ते वाळवीस मिळाले, हे तेथे उभे राहिले असता फार टोचते. आम्ही एकदाच गेलो आहोत. अधिक वेळा जावयास हवे होते.

आमच्या मराठवाड्यात तर पुस्तक ही दुर्मिळ वस्तूच होती. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथे निजामाचे राज्य. दरबारची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. औरंगाबाद, म्हणजे हल्लीचे छत्रपती संभाजीनगर, हे त्या काळी उर्दू ग्रंथांचे मोठे ठाणे होते. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय १९३८ साली दिल्लीस जाईपर्यंत तेथेच होते. मराठी पुस्तक हवे तर पुण्यामुंबईस पत्र लिहावयाचे आणि व्ही. पी. ची वाट पाहावयाची. आमचे वडील सांगत की, लासूर स्टेशनापर्यंत आलेले पुडके आणावयास ते बैलगाडीने जात, आणि परतीच्या वाटेतच दोरा सोडून वाचावयास लागत. वाळवीने खाल्लेला गाथा अशाच एका पुडक्यातून आलेला होता.

म्हणून दूरस्थ वाचकाची गरज आम्ही थट्टेवारी नेणार नाही. २००७ साली फ्लिपकार्ट या दुकानाने बंगळुरात संगणकावरून पुस्तके विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिली मागणी आली ती कोठून? महबूबनगराहून, जे आमच्याप्रमाणेच जुन्या हैदराबाद राज्यातील आडवळणाचे शहर आहे. आणि मौज अशी की, ते पुस्तक चालकांपाशी नव्हते. त्यांस शहरातील दुकाने पालथी घालून ते शोधून आणावे लागले. अर्थात नव्या जगाचे पहिले पुडकेही शेवटी जुन्या दुकानाच्या फळीवरूनच निघाले.

नातीस हे सारे आम्ही परतीच्या वाटेवर मोठ्या विजयाने ऐकविले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आजोबा, एक विचारू? त्या काकांनी गाथा कोणाच्या हातात दिला?"

आमच्या हातात.

"आणि काय विचारलं?"

आम्हास आठवले. पैसे देताना मालकांनी आमच्याकडे पाहून विचारले होते, "हिला परीक्षेला लागला आहे का?" पुस्तक मागितले होते तिने, तुकोबांचा गाथा उघडून पाहात होती तीच, परंतु साऱ्या दुकानात तिच्याशी कोणी एक शब्द बोलले नव्हते. आणि गंमत अशी की, आमच्याही ते ध्यानात आले नव्हते. ती पुढे म्हणाली की, थोरल्या दुकानात आपण बारावीच्या सुट्टीत रोज दोन-दोन तास खाली बसून वाचीत असू. कोणी 'काय हवे' म्हणून हटकले नाही, 'तुला हे कळेल का' असे डोळ्यांनीही विचारले नाही. पुस्तके माहीत नसलेल्या मनुष्यास पुस्तकांत नुसते हिंडता यावे, अशी जागा तिने प्रथम तेथेच पाहिली. "तुमच्या दुकानात जायला आधी काय हवंय ते माहीत असावं लागतं," असे तिचे म्हणणे.

यास आम्हापाशी उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. विशेष विषयाचे दुकान हे जाणत्यांचे दुकान आहे, आणि जाणत्यांच्या उंबऱ्यावर नवख्यास नेहमीच ठेच लागते. ज्या बाईचा गाथा आम्ही घ्यावयास गेलो होतो तिची सारी तक्रार हीच नव्हती काय? मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे शानभाग यांनी १९४८ साली एका चित्रपटगृहाच्या कोपऱ्यात दुकान मांडले. गिऱ्हाईकास मनसोक्त चाळू द्यावयाचे व रास्त सवलतीने द्यावयाचे, या त्यांच्या रीतीने कित्येक गरीब विद्यार्थी वाचक झाले. २००३ साली त्यांस पद्मश्री मिळाली, ते २००९ साली गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकानही मिटले. जाणतेपण आणि मोकळीक एके ठिकाणी नांदू शकतात, हे त्यांनी दाखविले खरे, पण अशी माणसे विरळा.

थोरल्या दुकानांचीही स्थिती चिरेबंदी समजू नये. आपल्याकडील क्रॉसवर्डचे पहिले दुकान १९९२ साली मुंबईत निघाले, मध्यंतरी ते एका मोठ्या वस्त्रप्रावरणांच्या व्यापारी संस्थेच्या मालकीचे होते, आणि २०२१ साली पुण्याच्या एका कुटुंबाने ते घेतल्याचे प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बॉर्डर्स नावाची शेकडो दुकानांची साखळी २०११ साली समूळ बुडाली. त्याच वर्षी इंग्लंडातील वॉटरस्टोन्स ही डबघाईस आलेली साखळी जेम्स डाँट या गृहस्थाच्या हाती देण्यात आली. हा मनुष्य मूळचा लहान दुकानदार. १९९० साली त्याने लंडनमध्ये प्रवासाच्या पुस्तकांचे दुकान काढले व त्यात पुस्तके देशांनुसार लावली: एका देशाचा इतिहास, त्याच्या कादंबऱ्या, वाटाड्या पुस्तिका, सारे एकाच फळीवर. साखळी हाती येताच त्याने दर्शनी जागा पैसे घेऊन प्रकाशकांस विकण्याची चाल मोडली, आणि कोणत्या शाखेत काय ठेवावे हे त्या त्या शाखेच्या माणसांवर सोपविले. साखळी सावरली. २०१९ साली अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल हे प्रचंड दुकानही त्याच्याच हाती आले. आमच्या देशी भाषेत सांगावयाचे तर थोरल्या भावाने धाकट्याची वही मागून घेतली.

आपल्याकडे महाबळेश्वराजवळच्या भिलार गावी २०१७ च्या मे महिन्यात सरकारने 'पुस्तकांचे गाव' वसविले, तेथेही हेच तत्त्व आहे. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी संतवाङ्मय, तिसरीकडे इतिहास, चौथीकडे बालवाङ्मय, अशी प्रारंभी पंचवीस ठिकाणे होती. घरधनी शेती सांभाळून पुस्तके दाखवितो. आम्ही तेथे गेलो असता ओसरीवर घोंगडीवर बसून वाचले, आणि घरच्या बाईंनी विचारल्यावाचून पाणी आणून ठेवले. वाचनालय म्हणावे तर ते नव्हे, दुकान म्हणावे तर विक्री नाही. पुढे या योजनेत आमच्या शेजारच्या वेरूळचेही नाव आले. तेथे बहिणाबाईंच्या गाथ्याची एक प्रत असावी अशी आमची इच्छा आहे. नसल्यास पदरमोड करून ठेवण्याची तयारी आहे.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती टाळून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

संभाजीनगरात औरंगपुऱ्यालगतच्या एका बोळात एक असेच अरुंद दुकान होते. तीस वर्षे आमची सारी संस्कृत पाठ्यपुस्तके, चातुर्मासाच्या पोथ्या, घरचे पंचांग, मुंजीत द्यावयाची स्तोत्रे तेथूनच आली. मालक आमच्याहून चार वर्षांनी वडील. आम्ही शिकविलेल्या कित्येक मुलांस त्यांनी उधारीवर शब्दकोश दिले व पुढे पैशांची आठवण केली नाही. काही वर्षांपूर्वी संतवाङ्मयाचा एक चार खंडांचा संच निघाला. आम्ही त्यांच्याकडे जाऊन नमुन्याचा पहिला खंड तासभर चाळला, पाठभेदांवर त्यांच्याशी वाद घातला, त्यांनी मागविलेला चहा प्यालो, आणि "बघू, पुढल्या महिन्यात," म्हणून उठलो. त्याच रात्री पुतण्याने भ्रमणध्वनीवर दाखविले की, तोच संच घरपोच साडेतीनशे रुपयांनी स्वस्त मिळतो. आम्ही मागविला. चौथ्या दिवशी दारात पुडके आले. वडिलांप्रमाणे बैलगाडी जुंपावी लागली नाही.

पुढे आमचे त्या बोळात जाणे कमी झाले. कारण लाज, दुसरे काही नाही. मग टाळेबंदी आली, आणि २०२१ साली कोणाकडून तरी कळले की, दुकान मिटले.

गाथ्याच्या प्रसंगानंतर नातीस आम्ही ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "चला, जाऊ या त्यांच्याकडे." माघात तिची सुट्टी होती. पत्ता शोधून आम्ही दोघे गेलो. वृद्ध गृहस्थ ओसरीत आरामखुर्चीवर बसले होते, दृष्टी अधू झालेली, पण आवाजावरून ओळखले. "या मास्तर. बरेच दिवसांनी." मग आम्ही काही बोलण्याच्या आधीच म्हणाले, "तो संच तुम्हाला मिळाला का हो शेवटी? मी तुमच्यासाठी मागवून ठेवला होता. तुम्ही येतो म्हणाला होतात. दुकान आवरताना सगळं रद्दीत आणि वाचनालयांना दिलं, पण तो ठेवलाय. म्हटलं, येतील कधीतरी."

आम्ही तेथे खोटे बोललो नाही, एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल. घडले ते सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले आणि म्हणाले, "अहो, माझा मुलगाही तिथूनच मागवतो." नंतर नातीकडे वळून त्यांनी विचारले की, तू काय वाचतेस? तिने बहिणाबाई म्हणताच त्यांनीही तोच प्रश्न केला, शिऊरच्या की आसोद्याच्या, आणि दोघे तासभर बोलत बसले. आम्ही ऐकत होतो. वासरू मेले तो प्रसंग मूळ अभंगांत कसा येतो, हे ती त्यांस सांगत होती.

निघताना आम्ही तो संच मागितला. घरी एक असता दुसरा कशास, असे ते म्हणाले. आमच्या जुन्या शाळेस द्यावयाचा आहे, असे सांगितले आणि छापील किंमत पुढे केली. त्यांनी सुनेकडून जुने पावतीपुस्तक मागविले. दुकानाचे नाव असलेल्या पावतीवर, डोळ्यांजवळ कागद धरून, सावकाश रक्कम लिहिली, आणि आम्ही न मागता नेहमीची शेकडा दहा सूट वजा करून उरलेले पैसे आमच्या हाती परत ठेवले.